प्रश्न आवळून बांधा

‘ग्रामीण भागातील बालमृत्यू : एक अभ्यास’ अशा विषयावर प्रबंध होतो, पण त्यात तपासण्यासारखे काही सापडत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नेमके विचारले : गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचार केले, तर मृत्यू घटतील का? ३९ गावांत हे केले, ४७ गावांशी ताडून पाहिले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर छापून आले : नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. प्रश्न इतका आवळला की गरिबी निसटते, हा आक्षेप खराच. पण तिला समस्येच्या मांडणीत जागा असतेच. मार्गदर्शकांनो, आराखड्यावर सही ठोकण्याआधी विद्यार्थ्याला एवढे विचारा : काय आढळले तर तुझे म्हणणे चुकले असे मानशील?