शब्दाचा सांधा

'पी' व 'एच्' हे वर्ण जोडून आले कीं 'फ' म्हणावें, असा नियम आपण इंग्रजी शिकणाऱ्या मुलास घालून देतों. 'फोटोग्राफ', 'टेलिफोन' हे शब्द तो त्या नियमानें बिनचूक वाचतो. पुढें मेंढपाळाच्या गोष्टींत एस्, एच्, ई, पी, एच्, ई, आर्, डी असा शब्द लागतो, आणि मुलगा 'शेफर्ड' म्हणतो. वडील मंडळी हंसतात. आमच्या मतें यांत मुलाचा दोष नाहीं; त्यास नियम सांगितला, विग्रह सांगितला नाहीं.

हा शब्द सामासिक आहे. 'शीप' म्हणजे मेंढी व 'हर्ड' म्हणजे राखणारा. येथें 'हर्ड' याचा अर्थ कळप नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. 'पी' हा पूर्वपदाचा अंत्य वर्ण, 'एच्' हा उत्तरपदाचा आद्य. मध्यें सांधा असल्यामुळें त्यांचा 'फ' होत नाहीं. पुढें बोलण्यांत 'ह' लोपला, 'शीप' मधील दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, आणि 'शेपर्ड' हा उच्चार रूढ झाला. आपल्या 'मेंढपाळ' शब्दांतहि पूर्वपद असेंच आखूड झालें आहे. विग्रह दोहोंचा एकच : मेंढ्या राखणारा तो.

मात्र पदच्छेद व अक्षरच्छेद एक नव्हेत. अक्षर म्हणजे येथें एका स्वरासह उच्चारला जाणारा भाग. ओळीच्या शेवटीं हा शब्द तोडावयाचा तर 'पी'नंतर तोडतात; आपल्या कानास मात्र 'शे' आणि 'पर्ड' अशीं दोन अक्षरें ऐकूं येतात. संस्कृत जाणणारांस याचें नवल वाटूं नये. 'तत्' व 'अपि' मिळून 'तदपि' होतें; पदें दोन, अक्षरें त-द-पि अशीं तीन. वृत्तासाठीं अक्षरें मोजावीं लागतात, अर्थासाठीं पदें पाहावीं लागतात. ऋग्वेदाच्या संहितेबरोबर शाकल्याचा पदपाठ म्हणूनच चालत आला.

'हॉटहाउस' म्हणजे रोपांसाठीं उबदार ठेवलेलें काचगृह. त्यांतहि 'टी' व 'एच्' शेजारीं असून 'थ' होत नाहीं. उलट 'कप' व 'बोर्ड' यांपासून झालेल्या 'कबर्ड' शब्दांत 'पी' लिहितात, पण उच्चारीत नाहींत. पेले मांडावयाच्या फळीचें कपाट झालें, आणि सांधाहि बुजला.

तेव्हां पालकांस आमची सूचना एवढीच, कीं लांब इंग्रजी शब्द आला म्हणजे मुलाकडून प्रथम पदें सोडवून घ्यावींत, मग अक्षरें. उच्चाराचा निर्णय शेवटीं कोशांत पाहावा. समास सोडविण्याची विद्या आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. परभाषेच्या दारीं ती बाहेर ठेवून जाण्याचें कारण नाहीं.