अपुऱ्या दिवसांची मुले आणि अपुरे हात

17 नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांनी जन्मलेल्या बालकांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. ह्याच सुमारास भूम, परांडा, वाशी, कळंब ह्या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या असतात. मुकादमाची उचल अंगावर असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तेव्हा बाई पोटुशी आहे म्हणून तिला गावी ठेवणे परवडत नाही. तिला फडावर अवेळी कळा लागल्या तर जन्मास येणारे मूल श्वास कसा घेणार, हा प्रश्न त्या दिवसाच्या भाषणांत क्वचितच निघतो. म्हणून आम्ही तो आज पहिल्या पानावर मांडीत आहोत.

ह्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या फुप्फुसांतील वायुकोशांना आतून एक स्निग्ध लेप असतो. त्यामुळे श्वास सोडल्यावरही ते मिटून जात नाहीत. हा लेप गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. तो नसेल तर प्रत्येक श्वास म्हणजे नवा कोरा फुगा पहिल्यांदा फुगविण्याइतके कष्ट, आणि तेही मिनिटाला साठ वेळा! लेपाचे हे रहस्य 1959 साली एव्हरी आणि मीड ह्या अमेरिकी संशोधकांनी उलगडले. तरीही 1963 साली खुद्द अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ह्याच विकाराने 39 तासांत दगावला. जगातील सर्वांत सधन देशाजवळही तेव्हा उपाय नव्हता.

पुढे श्वसनयंत्रे आली, मुले वाचू लागली. परंतु 1967 साली असे आढळले की, यंत्राचा दाब आणि अतिरिक्त प्राणवायू ह्यांनी वाचलेल्या मुलांच्या फुप्फुसांवर कायमच्या जखमा केल्या आहेत. एक किलो वजनाच्या बालकास एका श्वासाला चार ते सहा मिलिलिटर हवा पुरते, म्हणजे लहानसा चमचाभर. त्याहून अधिक रेटली की कोवळे वायुकोश फाटतात. म्हणून आजचे शहाणे वैद्यकशास्त्र यंत्र लावण्याची घाई करीत नाही. शक्य तोवर मूल स्वतःच श्वास घेत राहील आणि नाकातील दोन बारीक नळ्यांतून सौम्य दाबाची, उबदार, दमट हवा त्याचे वायुकोश उघडे ठेवील, अशी ‘सीपॅप’ नावाची पद्धत 1971 पासून रूढ होत गेली. नळीचे दुसरे टोक पाच-सहा सेंटिमीटर पाण्यात बुडविले की दाब आपोआप राखला जातो. बुडबुडे येत आहेत तोवर काम चालू आहे असे समजावे. जरूर तर कमतरता असलेला लेप औषधरूपाने फुप्फुसात सोडतात. यंत्र लावावेच लागले, तर प्रत्येक श्वासाचे माप बांधून, आणि लवकरात लवकर काढण्याच्या बेताने.

ह्यात यंत्राचा वाटा थोडा आणि पहाऱ्याचा मोठा आहे. नळी सरकली का, नाकाची त्वचा सोलवटली का, पोट फुगले का, रक्तातील प्राणवायू 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान आहे का, हे परिचारिकेने रात्रंदिवस पाहावयाचे असते. प्राणवायू कमी पडला तर जीव जातो आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यास इजा होऊन मूल आंधळे होऊ शकते. म्हणून अशा मुलाचे डोळे तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने तपासलेच पाहिजेत.

परंतु आमच्याकडे यंत्राचे उद्घाटन होते, नेमणुकीचे होत नाही. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल 2024 च्या अखेरीस विधिमंडळापुढे आला, त्याप्रमाणे राज्याच्या आरोग्यसेवेत परिचारिकांच्या मंजूर पदांपैकी सुमारे तिसरा हिस्सा रिकामा होता. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून 10 बालके गेली. ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात होते. रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आणले गेले, असा खुलासा झाला. तो खरा मानला तर ते त्या स्थितीपर्यंत पोहोचले कसे, हे विचारावयास हवे होते. त्याऐवजी एका खासदाराने अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले! त्याने परिचारिका एकही वाढली नाही.

वास्तविक ह्या उपचाराचा आरंभ प्रसूतीपूर्वीच होतो. अवेळी कळा सुरू झाल्यास मातेला डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे इंजेक्शन बारा बारा तासांनी चार वेळा दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर तयार होतात. औषध जुने आणि अत्यंत स्वस्त आहे. 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान त्याची पहिली मात्रा देऊन मग स्त्रीला पुढे पाठविण्याची मुभा केंद्र सरकारने 2014 सालीच परिचारिकेला दिली. आमच्या सीमेवरील बेळगावचाही ज्यात सहभाग होता, त्या पाच देशांतील चाचणीत हे औषध मिळालेल्या गटात नवजातांच्या मृत्यूचे प्रमाण 23.5 वरून 19.6 टक्के झाले, असे 2020 साली प्रसिद्ध झाले. मात्र ते देण्यासाठी गर्भ किती आठवड्यांचा आहे, हे ठाऊक असावे लागते. बाई फडावरच्या कोपीत आणि तिचे कार्ड गावी पेटीत, असे असता परिचारिकेने आठवडे कशावरून मोजावेत?

धाराशिव 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. 2022 साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. तरी परांड्याची बाई अडली की घरची माणसे बार्शीची वाट धरतात, आणि बार्शी दुसऱ्या जिल्ह्यात. मूल मात्र जिल्ह्याची हद्द पाहून श्वास घेत नाही. वाटेतल्या रुग्णवाहिकेत ऊब, मोजून दिलेला प्राणवायू आणि सीपॅप हाताळणारे माणूस हवे. नाहीतर पुढच्या रुग्णालयातील सर्व कौशल्य व्यर्थ. महाविद्यालयाने ग्रामीण रुग्णालयांच्या परिचारिकांना पाळीपाळीने बोलावून शिकविण्याचे काम तातडीने हाती घ्यावे, आणि शिकून तयार झालेल्या परिचारिकेची बदली दुसऱ्या कक्षात होणार नाही, अशी हमी शासनाने द्यावी.

तोवर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एक काम करावे. टोळ्यांतील प्रत्येक गर्भवतीचे आठवडे मोजून कार्ड तिच्या हाती द्यावे, आणि ती ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तेथील आरोग्य अधिकाऱ्यास तिचे नाव कळवावे. ज्या निघून गेल्या, त्यांची नावे मुकादमांकडून मिळतील. अशी किती नावे कळविली गेली, हे आम्ही संक्रांतीला विचारणार आहोत.