न्हाणीघराची मोरी

मोरी तुंबली की एकत्र कुटुंबात दोषाचे बोट लांब केसांच्या सुनांकडे वळते. हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो. लातूर-नांदेडकडे पुष्कळ घरी विंधन विहिरीचे जड पाणी वापरतात. अशा पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो. त्यात गुंतवळ व तेल अडकून नळ बंद होतो. केस सुनांचे असतील, साका मात्र सर्वांचा!

मोरीवर बारीक जाळी बसवावी व आठवड्यातून एकदा ती काढून खालची वाटी घासावी. तुंबल्यास टोक वाकविलेल्या तारेने गुंतवळ वर ओढावा, आत ढकलू नये. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे बादल्यांमागून बादल्या ओतणे शोभत नाही. अॅसिड व ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच पडू देऊ नये. त्यांतून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात जिवावर बेततो.

स्नान करील त्याने जाळीवरील केस उचलावे, मग तो घरातील कर्ता पुरुष का असेना, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले.