बापासाठी ट्रम्पेट बाजूला ठेवणारा संगीतकार

आम्ही खतावणी लिहिणारे, सुरांतले आम्हांस फारसे कळत नाही. तरी एन्नियो मॉरिकोने या इटालियन सिनेसंगीतकाराविषयी लिहावेसे वाटले, ते त्याच्या पोटापाण्याच्या हकिकतीमुळे.

१० नोव्हेंबर १९२८ रोजी रोममध्ये त्याचा जन्म. वडील मारिओ ट्रम्पेट वाजवून घर चालवीत. हेच वाद्य त्यांनी पोराच्या हाती दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा कोवळा पोर वडिलांच्या जागी जाऊन सैनिकांपुढे वाजवी, आणि मोबदला म्हणून खाण्याचे जिन्नस मिळत. अन्नासाठी वाजवावे लागते याचा अपमान त्याच्या मनातून म्हातारपणीही गेला नाही.

सांता चेचिलिया संगीतशाळेतून त्याने १९४६ साली ट्रम्पेटची आणि १९५४ साली गुरू पेत्रास्सींच्या हाताखाली रचनेची पदविका घेतली. त्या विद्वान मंडळींत सिनेमाचे संगीत म्हणजे हलके काम! पण १९५६ साली मारियाशी लग्न झाले, संसार उभा राहिला. संसाराला पैसा लागतो, हे आम्हां कारकुनांना कोणी सांगायला नको. तो रेकॉर्ड कंपनीसाठी गाण्यांची वाद्यरचना करू लागला. १९६४ सालच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'वर तर त्याचे नाव 'डॅन सॅव्हिओ' असे खोटे लागले. दिग्दर्शक सर्जिओ लिओने हा त्याच्या प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. चित्रपटाला पैसा बेताचा. मग मॉरिकोनेने शीळ, चाबकाचा फटकारा, इलेक्ट्रिक गिटार यांतूनच संगीत उभे केले. ती शीळ जगभर गेली.

पुढे वडिलांचे वय झाले, फुंक पूर्वीसारखी राहिली नाही. त्यांना बोलवावे तर काम बिघडे, दुसऱ्याला बोलवावे तर बापाचे मन दुखे. मुलाने काय केले? काही काळ ट्रम्पेटसाठी लिहिणेच सोडले! वडील गेल्यावरच ते वाद्य त्याच्या रचनांत परतले. आम्हांस विचाराल तर ही गोष्ट त्याच्या कोणत्याही बक्षिसाहून मोठी.

बक्षिसेही मिळाली, पण उशिरा. चारशेहून अधिक चित्रपट केलेल्या या माणसाला २००७ साली मानाचे ऑस्कर मिळाले, ते त्याने मारियाला अर्पण केले. स्पर्धेतले ऑस्कर २०१६ साली आले, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता.

६ जुलै २०२० रोजी तो गेला. आपल्या निधनाची वार्ता त्याने स्वतःच लिहून ठेवली होती. कोणाला त्रास नको म्हणून अंत्यविधी घरच्यांपुरता ठेवावा, असे त्यात होते. सर्वांची नावे घेऊन झाल्यावर शेवटचा निरोप मारियाचा घेतला होता.