लॅपटॉप कोणासाठीं घ्यावयाचा?

कसाऱ्याच्या एका वाचकभगिनींनीं विचारलेला प्रश्न सध्यां पुष्कळ घरांतून निघत असेल, म्हणून त्याचा येथें जरा सविस्तर विचार करीत आहों. त्यांची पुतणी कल्याणच्या कॉलेजांत संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षास आहे. तिच्यासाठीं लॅपटॉप घ्यावा असें ठरून आजोबांनीं ५०,००० रुपये काढून ठेविले. पैसे निघतांच घरांतील प्रत्येकास आपापली गरज आठवली. थोरल्या दिरांस मोठी स्क्रीन हवी, धाकट्या चिरंजीवांस खेळ खेळतां येतील असें यंत्र हवें, आणि आजोबांस स्वतःचे पेन्शनचे कागदही त्यावरच पाहावयाचे आहेत. त्यांत एका दुकानदारानें ‘बिल नको असेल तर सात हजार कमी’ असें सुचविल्यामुळें घरांत दोन पक्ष पडले आहेत.

आमचें मत आधींच सांगून टाकतों. पैसे जिच्या अभ्यासासाठीं निघाले, तिच्याच सोयीनें यंत्र घ्यावें. एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते हें खरें. पण ‘सर्वांची’ म्हणून घेतलेली वस्तु परीक्षेच्या आदल्या रात्रीं नेमकी दुसऱ्याच्या हातीं असते, आणि मागावयास संकोच वाटतो तो बहुधा घरांतील मुलीला.

तिची सोय कशांत आहे? कसारा हें मुंबईच्या लोकलचें शेवटचें स्टेशन. तेथून कल्याण सुमारें ६७ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन रोज अडीच-तीन तास गाडींत जावयाचे, आणि परततांना बसावयास जागा मिळेलच असें नाहीं. खेळांसाठीं बनविलेला १५.६ इंची लॅपटॉप दोन किलोंच्या वर भरतो, आणि त्याचा चार्जरही चांगला वजनदार असतो. १४ इंची साधा लॅपटॉप दीड किलोच्या आंतबाहेर मिळतो. दुकानांत हा फरक कोणास जाणवत नाहीं. भर पावसाळ्यांत खांद्यावर पिशवी घेऊन गर्दींत उभें राहिल्यावर तो जाणवतो.

शक्तीविषयीं म्हणाल, तर कसारेकरांना हें समजावून सांगण्याची गरजच पडूं नये. १८६५ सालीं खुल्या झालेल्या थळ घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. म्हणून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास बँकर इंजिनें जोडतात आणि इगतपुरीस तीं काढून घेतात. मनमाडपर्यंत तीं कोणी नेत नाहीं. खेळांसाठीं असलेलें निराळें ग्राफिक्स-कार्ड हें असेंच बँकर होय. चित्रपट-संकलनाचा किंवा त्रिमिति आकृत्यांचा घाट ज्याला रोज चढावयाचा आहे त्यानें तें अवश्य घ्यावें. या मुलीला प्रोग्रॅम लिहावयाचे आहेत. २०२३ सालीं सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी बँकरांवांचूनच घाट चढते, कारण तिची शक्ति गाडीच्या अंगांतच वांटलेली आहे. तसें हल्लींच्या साध्या प्रोसेसरांतही बेताचें ग्राफिक्स आंतच बसविलेलें असतें. पुतणीच्या कामास तेवढें पुरे.

रॅम १६ जीबी असावी. मात्र २०२५ च्या अखेरीपासून तिचे भाव चढले आहेत. एआयसाठीं उभारलेलीं प्रचंड संगणकगृहें सर्व माल ओढून घेत आहेत. बेतांत बसत नसेल तर ८ जीबीचा लॅपटॉप घ्यावा, पण रॅम पुढें वाढवितां येईल अशी मोकळी जागा आंत आहे का, हें विचारल्यावांचून नव्हे. कित्येक पातळ यंत्रांत रॅम डाख देऊन पक्की केलेली असते. तिच्यांत मग भर घालतां येत नाहीं. एसएसडी ५१२ जीबीची घ्यावी. स्क्रीन १९२० गुणिले १०८० हून कमी नसावी.

प्रोसेसरच्या नांवांत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसेंही चकतात. ‘रायझेन ५’ एवढें ऐकून हुरळूं नये, पुढचा आंकडा वाचावा. ७५२० आणि ७५३० हे शेजारी-शेजारी दिसणारे दोन आंकडे घ्या. कंपनीच्या त्या वेळच्या पद्धतीप्रमाणें तिसरा अंक आंतील रचनेची पिढी दाखवितो. पहिल्याची रचना २०१९ सालची, दुसऱ्याची २०२० सालची व पुष्कळच वेगवान. पहिला अंक दोहोंचाही ७ असल्यामुळें जाहिरातींत दोन्ही सारखेच नवे दिसतात!

आतां सवलती. सणाच्या सेलमध्यें काट मारून दाखविलेल्या किंमतीशीं आपणांस कर्तव्य नाहीं. त्याच पूर्ण मॉडेल-क्रमांकाचें यंत्र दुसऱ्या तीन दुकानांत आज कितीस मिळतें, तें लिहून घ्यावें. ‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्दही जपून ऐकावा. ४८,००० रुपयांचे सहा हप्ते १५ टक्के दरानें पाडले, तर सुमारें २,००० रुपये व्याज दुकानदार किंमतींतून वजा करून दाखवितो. पण त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारें ३६५ रुपये, आणि बँकेची प्रक्रिया-फी गिऱ्हाइकाच्याच माथीं बसते. आजोबांनीं रोख रक्कम काढलेली असतां या भानगडींत पडण्याचें कारणच नाहीं.

बिनबिलाच्या सात हजारांचाही हिशेब करून पाहावा. ५०,००० च्या किंमतींत १८ टक्के जीएसटी धरून मूळ किंमत ४२,३७३ आणि कर ७,६२७. म्हणजे दुकानदार जें सोडतो तें स्वतःच्या पदरचें नव्हे. तो सरकारचा कर बुडवितो, आणि त्या पापांत आपणांस भागीदार करून घेतो. तें बाजूस ठेविलें तरी सहा महिन्यांनीं यंत्र बिघडलें म्हणजे कंपनी बिल मागेल, तेव्हां काय दाखवाल? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते, १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो; परंतु हातीं कागद नसेल तर खरेदीच सिद्ध करणें कठीण. बिनबिलाचा पक्ष घरांत ज्यांनीं उचलला असेल, त्यांनीं तो सोडून द्यावा.

कचेऱ्यांतून निघालेला जुना लॅपटॉप दहा-पंधरा हजारांत मिळतो, तो घ्यावा का, असेंही त्या विचारतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनें यंत्र लिनक्सवर चालेल, आणि घरांत एखादा जाणता असेल तर तो मार्गही वाईट नाहीं. पण रोजच्या प्रवासास जुनी बॅटरी दगा देते.

शेवटीं दुरुस्ती. कंपनीचा माणूस कसाऱ्यास घरीं येईल, कीं यंत्र कल्याण-ठाण्यास न्यावें लागेल, हें पैसे देण्यापूर्वीं विचारून घ्यावें. दोन यंत्रांत हजार-दीड हजारांचाच फरक असेल, तर घरपोच सेवेचें घ्यावें. खोक्यावरील, यंत्रावरील आणि बिलावरील अनुक्रमांक एकच आहे हेंही तेथेंच पडताळून पाहावें. मराठीसाठीं निराळा कीबोर्ड मागूं नये. इन्स्क्रिप्ट मांडणी विंडोजमध्यें असतेच.

राहतां राहिले आजोबांचे कागद. तीं कामें रविवारीं नातीजवळ बसून होतील. ते केंद्र सरकारचे पेन्शनर असतील, तर हयातीचा दाखला २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही देतां येतो. त्यासाठीं लॅपटॉप उघडावा लागत नाहीं.