मटण किलोवर, मग बोकड नगावर का?



२०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. काळी, काटक, पुष्कळदा जुळी देणारी ही जात आपल्याच कोरडवाहू रानाने घडवली. तिच्या मटणाचे नाव दूरवर आहे. पण ती पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते?

कापूस आपण क्विंटलवर विकतो, ज्वारी क्विंटलवर विकतो. दुकानात मटण किलोवर मिळते. मधल्यामध्ये आपला बोकड तेवढा नगावर! व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कमरेचे हाड चाचपतो, रुमालाखाली बोटे दाबली जातात आणि सौदा तुटतो. त्याचा हात रोजच्या सरावाने तयार झालेला. आपण वर्षाकाठी दोन-चार करडे विकणार. अंदाज आपलाच चुकतो, आणि फायदा त्याचा होतो.

वरून शहाणे सांगतात, "शेतकरी खुराक देत नाही, म्हणून करडे वाढत नाहीत." शास्त्र खोटे नाही. जनावर खाते त्यातले आधी जगण्यावर खर्ची पडते, उरेल तेच अंगी लागते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने शेकडा ४ च्या आसपास. नुसत्या कडब्यावर करडू तग धरते, भरत नाही. तुरीचा भुसा, सुबाभळीचा नाही तर शेवरीचा पाला आणि थोडी भरडा-पेंड मिळाली, तर तेच करडू अंग धरते. अर्धपोटी वाढलेल्या बोकडात हाड जास्त, मांस कमी. विक्रीच्या वजनाला यायला त्याला उशीर लागतो, आणि वय चढले की मटण चिवट होते.

म्हणून शेवटच्या पंधरवड्यात धान्याचा मारा करू नका. एकदम धान्य पडले तर अपचनाने जनावर दगावते. शेळीची चरबीही मांसात कमी आणि आतड्याभोवती, गुर्द्याभोवती जास्त साठते. खुराक हळूहळू वाढवावा. आणि दमवून, उपाशी ठेवून, टेम्पोत कोंबून नेलेल्या बोकडाचे मटण काळपट पडते, लवकर नासते. तो दोष पाळणाऱ्याचा नाही.

आता हिशेब मांडू. समजा, चराईवरचे करडू दिवसाला ४० ग्रॅम वाढते आणि रोज पाव किलो खुराक दिला तर ८० ग्रॅम. ९० दिवसांत खुराक लागला साडेबावीस किलो, जादा वजन मिळाले ३ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलो जादा वजनामागे सव्वासहा किलो खुराक. तेवढ्या खुराकाचा खर्च जिवंत वजनाच्या किलोमागील भावापेक्षा कमी असेल तर घाला, नसेल तर घालू नका. इतके साधे गणित! पण किलोचा भावच ठरत नसेल तर ते करायचे कशाच्या जोरावर? सरकी आपल्या कापसातली. तिची पेंड रोख पैसे मोजून, वजनावर आणायची. तीच पेंड खाऊन वाढलेला बोकड मात्र नजरेवर द्यायचा. मग खुराक कोण घालील? करडे उपाशी राहतात ती आपल्या अडाणीपणाने नव्हे, या सौद्याने.

आपलेही चुकते. बाजाराच्या सकाळी मीठ चारून पाणी पाजणारे आपल्यातच आहेत. काटा मागायचा तर ही लबाडी आधी सोडावी लागेल.

आमची मागणी एकच: शेळ्यांच्या प्रत्येक आठवडी बाजारात जनावर तोलायचा काटा बसवा, आणि जिवंत वजनाचा किलोचा भाव फळ्यावर लिहा. तोवर गावागावांत वर्गणी काढून एक ताणकाटा घ्या. दर महिन्याला करडे तोला, वजन वहीत टिपा. बाजाराला निघताना वजन ठाऊक असू द्या. व्यापाऱ्याने रुमाल पुढे केला, तर हात मागे घ्या आणि वही पुढे करा.

मटण तोलून विकले जाते. बोकडही तोलूनच विकला जाईल!