पहिले सहा महिने

बारावीची परीक्षा संपली की लाल ‘एल’ लावलेल्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाड्या पहाटेपासून रस्त्यावर दिसू लागतात. आईवडील हौसेने फी भरतात, आणि तो खर्च योग्यच आहे. त्या फीच्या बदल्यात मुलांना काय शिकवलं जातं, याबद्दल मात्र मला काळजी वाटते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी गाडीच्या कोर्सला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास हवेत. रोज अर्धा तास धरला तर हिशेब जेमतेम बसतो. पण एकाच गाडीत तीन-तीन मुलं, त्यांना घरून घेणं, पुन्हा सोडणं, यात स्टिअरिंग खरोखर किती वेळ हाती असतं ते कुठल्याही शिकाऊ मुलीला विचारा. रस्ता ठरलेला, रहदारी विरळ, ट्रेनरच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच. हाफ क्लचवर गाडी चढावर धरता आली, ‘एच’ काढता आला की लायसन्स पक्कं. मग तोच मुलगा पावसाळी शनिवारी रात्री चार मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघतो. अंधार, ओला घाट, समोरून अपर लावून येणारा ट्रक, मागच्या सीटवरचा गोंगाट; यातलं काहीही त्याने ट्रेनर शेजारी असताना अनुभवलेलं नसतं.

नुसते तास वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत 1970च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 16,000 विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. काहींना सिम्युलेटर, मैदान आणि रस्ता असा भरगच्च कोर्स दिला, काहींना जेमतेम, काहींना काहीच नाही. भरगच्च कोर्स केलेल्यांचे अपघात कायमचे कमी झाल्याचं दिसलं नाही. नॉर्वेचा अनुभव तर आणखी बोलका आहे. तिथे 1979 साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि निसरड्या रस्त्यावरचे तरुण मुलांचे अपघात उलट वाढले. घसरलेली गाडी आपण सावरू, हा भरवसा त्यांना महागात पडला. आपल्याकडे घाटात कट मारायला शिकवणाऱ्या मित्राच्या ‘कोर्स’चा परिणाम याहून वेगळा कसा असेल?

न्यूझीलंडने 1987 साली वेगळी वाट धरली: लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायचं. शिकाऊनंतरच्या मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. नवख्याला सर्वाधिक धोका कुठे असतो ते पाहून तेवढीच दारं काही काळ बंद ठेवली. पुढे अनेक देशांनी हे उचललं. आपल्याकडे शिकाऊ लायसन्स मिळून 30 दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं खुलं.

सरकारने 2021 साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. हलक्या वाहनासाठी 29 तासांचा कोर्स, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक. हे पाऊल चांगलं आहे. पण इथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते, ते मला पटत नाही. शिकवणाऱ्यानेच पास करायचं असेल तर परीक्षा त्रयस्थाकडे राहिली कुठे?

दुचाकीकडे तर कुणाचं लक्षच नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे. तरी दुचाकीसाठी आपण कोर्सचा विचारही करत नाही. मोठा भाऊ मैदानात दोन संध्याकाळी शिकवतो, मुलगा आरटीओत आठचा आकडा काढतो आणि कॉलेजच्या रस्त्याला लागतो. ताशी 40 वरून वेग 80 केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट अंतर लागतं, हे त्याला कुणी रस्त्यावर खुणा करून दाखवलेलं नसतं. बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूला ड्रायव्हरला न दिसणारा पट्टा किती मोठा असतो, हे ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं तर पाच मिनिटांत कळेल. एसटीचे डेपो अनेक तालुक्यांत आहेत. अशी पाच मिनिटं कॉलेजांना मागून घेता येतील.

केंद्राने पहिल्या सहा महिन्यांसाठी रात्रीचं आणि मित्रांबरोबरचं बंधन कायद्यात घालावं, दुचाकीलाही. तोवर हे घरात करता येतं. फी भरताना ट्रेनिंग स्कूलला विचारा, रात्रीचा आणि पावसातला धडा कधी घेणार. नाही म्हणाले तर दुसरं स्कूल बघा. पक्कं लायसन्स आल्यावर सहा महिने रात्री दहानंतर किल्ली आईवडिलांकडे राहील, आणि पहिल्या घाटात शेजारच्या सीटवर घरचं मोठं माणूस बसेल, हे लायसन्सचा अर्ज भरतानाच मुलाशी बोलून ठरवा.